आईसाठी जुनी अल्टो

आईला अकोल्याहून अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे दर वेळी भाड्याच्या गाडीची शोधाशोध. शेवटी पै-पै जोडून १ लाख २० हजार जमवले. एमएच ३० ची अल्टो पाहिली. रंग चकाचक! आयुष्य फायली तपासण्यात गेले, तरी दलालाच्या गोड बोलण्याला भुलून ५ हजार इसार देऊन बसलो. घरी सौ. म्हणाली, "कागद पाह्यले का?"

दुसऱ्या दिवशी आरसी पाहिली, तर बँकेचा बोजा कायम. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय तो उतरत नाही. त्यात नोंदणीची १५ वर्षे संपायला सहाच महिने. इसार बुडाला. सौ.ने मात्र एका शब्दाने टोचले नाही, त्याचेच जास्त लागले.

पुढची अल्टो मिस्त्रीला सोबत नेऊन, भल्या सकाळी इंजिन थंड असताना पाहिली. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल जळते, हे त्याने दाखवले. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्यावरच पैसे मोजले. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर केला.

मूर्तिजापूर मागे पडले तशी मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बापू, भाडं किती होईन रे?"