बडे अब्बांची काठी

मागच्या पावसाळ्यात फजरच्या नमाजला जाताना बडे अब्बांच्या कपाळाला एका दुकानाच्या पुढे आलेल्या पत्र्याची कड लागली. तीन टाके पडले. आमचे घर जुन्या नाशकात, दूध बाजाराजवळच्या गल्लीत. मशीद तिथून अडीचशे पावलांवर. काचबिंदूने नजर गेल्यापासून ही पावले ते एकटेच मोजत आले आहेत. अम्मीने त्याच दिवशी सांगून टाकले, "भाईजान, आता फजर घरीच पढा."

बडे अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची गोष्ट काढली. हे सहाबी अंध होते. मशिदीत न्यायला कोणी नाही म्हणून त्यांनी पैगंबर साहेबांकडे (स.) घरी नमाज पढण्याची परवानगी मागितली. ती मिळालीही. पण ते निघाले तसे त्यांना परत बोलावून विचारण्यात आले, अजान ऐकू येते का? येते म्हटल्यावर, मग या, असे सांगण्यात आले. हेच सहाबी मदिन्यात फजरची अजानही देत.

"मला अजान ऐकू येते," बडे अब्बा एवढेच म्हणाले. अंध माणसाला यात सवलत आहे, हे मौलाना सांगतात. पण बडे अब्बांना कोण सांगणार!

आम्ही दोघे भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी. काठीला यंत्र लावायचे ठरवले. सेन्सर सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज सोडतो. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो. आवाज अडथळ्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. एक मीटरवरच्या भिंतीसाठी हा वेळ साधारण सहा मिलिसेकंद. आठ दिवसांत जोडणी झाली, बजर वाजू लागला, आणि आम्ही स्वतःवर फार खूश झालो.

गल्लीत तो थांबेचना. स्कूटर, हातगाडी, ओटा, माणूस, सगळ्यांवर टीं टीं. बडे अब्बा अर्ध्यातून परत आले. "अरे, मी कानांनी बघतो. तुम्ही माझे कानच बंद केलेत."

मग त्यांनी जे सांगितले, ते आम्ही आधी विचारायला हवे होते. खालचे सगळे काठीला कळते: गटार, पायरी, खड्डा. उजवा पाय पुढे पडताना काठी डावीकडे टेकवायची, डावा पडताना उजवीकडे, हे ते सातपूरच्या 'नॅब'मध्ये शिकले होते. अडचण वर लटकणाऱ्या गोष्टींची. पत्रा, ताडपत्रीचा बांबू, उभ्या टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया. काठी खालून निघून जाते आणि कपाळ आपटते.

नंतर वाचनात आले की आयआयटी दिल्लीच्या 'स्मार्टकेन'ने नेमके हेच केले आहे. २०१४ मध्ये ती बाजारात आली. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा मुठीतल्या थरथरीने सांगते. अब्बा म्हणाले, विकतच आणू. बडे अब्बा म्हणाले, "पोरांनी सुरू केलंय, पुरं करू द्या. माझ्या गल्लीपुरतं झालं तरी बस्स."

सेन्सर वर तिरका केला, पल्ला सव्वा मीटरवर आणला. बजर काढून जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटर अंगठ्याखाली बसवली. दोन खोडी मात्र गेल्या नाहीत. सैल कापड आवाज पिऊन टाकते, तिरका पत्रा तो भलतीकडेच उडवतो, म्हणजे काठी कधीकधी गप्प राहते. शिवाय सेन्सरचे डोळे उघडे; प्लास्टिक लावले की समोर भिंत आहे असेच त्याला वाटते. त्यामुळे जोराच्या पावसात यंत्र बंद, आणि सोबत माणूस. हे सगळे बडे अब्बांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "इतके दिवस तर काहीच बोलत नव्हती."

अम्मीचा हुकूम होता की दहा पावले मागून जायचे, त्यांना कळू द्यायचे नाही. चौथ्या दिवशी त्याच दुकानापुढे ते थांबले. मान खाली घेतली, डावा हात वर करून पत्र्याची कड चाचपली आणि पलीकडे गेले. मागे न वळता म्हणाले, "चपलांचा आवाज येतोय. आलाच आहात तर वजू करून आलात ना?"

आम्ही झोपेतून उठून तसेच आलो होतो.