इकाम्यावरचं घर

कोणी परदेशी गेलं की "तिकडे स्थायिक झाले" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. अमेरिका, कॅनडाला गेलेल्यांबाबत ते बरेचदा खरंही असतं. आज ना उद्या नागरिकत्व मिळतं, घर होतं, मुलं तिथली होऊन जातात. सौदी, कुवेत, कतरला गेलेल्या माणसाला मात्र हा शब्द लागू पडत नाही. तिथे वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या खिशात इकामा नावाचं एक कार्ड असतं आणि त्या कार्डाला मुदत असते. नोकरी आहे तोवर इकामा, इकामा आहे तोवर घर. बायको-मुलांचा इकामा नवऱ्याच्या इकाम्यावर. आपलं मूल तिथे जन्मलं तरी पासपोर्ट भारताचाच. कुटुंब तिकडे रुळतं खरं, पण एक दिवस परत जायचं आहे हे ठाऊक असताना रुळतं. हे रुळणं वेगळं असतं आणि त्याची खरी किंमत मुलांना मोजावी लागते, असं मला माझ्या भावाच्या कुटुंबाकडे पाहून वाटत आलं आहे.

आमच्या उरवड्याला आखात ही रुळलेली वाट नव्हे. ती वाट कोकणची. खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत आधी जहाजावरची नोकरी आणि मग आखात, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्यांच्यातली काही घराणी तर शंभरेक वर्षांपूर्वीच दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला पोचली. आमच्या मुळशी-मावळचा माणूस बाहेर पडला तो मुंबईपर्यंत. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच पट्ट्यातले. गडी मुंबईला, बायको-मुलं गावी भाताच्या खाचरात, आणि वर्षातून दोन खेपा भेट, ही इथली जुनी रीत.

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून पिरंगुटच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. २०११ साली तो जेद्दाहला गेला. पहिलं वर्ष त्यानेही डबेवाल्यासारखं एकट्याने काढलं. मग फॅमिली व्हिसा मिळाला आणि २०१२ मध्ये माझी भावजय चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेली. मुलगा तिथेच झाला, २०१४ साली.

२०१८ च्या उन्हाळी सुट्टीत मी आणि माझे पती उमऱ्याला गेलो, तेव्हा आठ दिवस भावाकडे राहिलो. अझीझिया भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीतला एसी रात्रंदिवस घरघरत असायचा. खिडक्यांना जाड पडदे, कारण बाहेर ऊन आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पहाटे पाचला भावजय डबे भरायची, सहाच्या आत शाळेची व्हॅन खाली. मुलं दुपारी आली की मगरिबपर्यंत घरातच, कारण बाहेर पाय ठेवायची सोय नाही. रात्री दहाला मात्र कॉर्निशवर समुद्रकाठी आपल्याकडच्या जत्रेसारखी गर्दी, लहान मुलं सायकली फिरवताहेत, बायका चटया टाकून बसल्यात. अजान झाली की दुकानांची शटरं खाली येत. ओळखीची बाई मधेच दुकानात अडकली तर आत बसून राही. सुट्टी शुक्रवार-शनिवारची. उरवड्याला रविवारी सगळे घरी असत, तेव्हा तिकडे मुलांची शाळा. त्यामुळे फोनचीही वेळ जमवावी लागे.

भावजयीचं स्वयंपाकघर बघून मला हसू आलं आणि भरूनही आलं. नाष्ट्याला अफगाणी भट्टीतली तमीस आणि फूल, म्हणजे घोटलेल्या बाकल्याची उसळ. हे तिने मनापासून स्वीकारलं होतं. शुक्रवारी कबसा. पण डब्यांच्या रांगेत इंद्रायणी तांदूळ, घरचा काळा मसाला, सुके बोंबील, सगळं उरवड्याहून गेलेलं. फक्त मसाल्यात खसखस नाही. खसखशीला सौदीत बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. कोणीतरी ते वेळेवर सांगितलं, म्हणून आमच्या आईने मसाला कांडताना खसखस वगळली. "बिनखसखशीचा मसाला म्हणजे बिनमिठाची आमटी," असं ती दर वेळी पुटपुटायची आणि दर वेळी कांडून द्यायची.

भावजयीला सगळ्यात जड गेलं ते बंद दार. उरवड्यात आमचं दार सकाळी उघडतं ते रात्री लागतं. मधे शेजारीण विरजण मागून जाते, कोणी कोथिंबीर टाकून जातं. जेद्दाहच्या त्या इमारतीत समोरच्या दारातली बाई तिला सहा महिने दिसली नव्हती. बाजारात जायचं तर नवऱ्याची वाट बघायची. बायकांना गाडी चालवायची मुभा २०१८ च्या जूनमध्ये मिळाली, म्हणजे आम्ही परतल्यावर. ईदच्या दिवशी तर तिला रडू यायचं. फजरनंतर लगेच ईदची नमाज, मग सगळं शहर दुपारपर्यंत झोपलेलं. आजूबाजूला सगळे मुसलमान आणि शीरखुर्मा द्यायला कोणी नाही! शेवटी तिने साताऱ्याकडचं एक मराठी कुटुंब हुडकलं. पहिल्या ईदला वाटी तिकडे गेली, दिवाळीला त्यांच्याकडून करंज्या-चकल्यांचा डबा आला. गावाकडे आपण हे करतो तेव्हा कोणी त्याला भाषणातला 'सलोखा' म्हणत नाही. वाटी रिकामी परत करायची नाही, एवढाच नियम. तो नियम तिने तिकडे नेला.

आता मुलांच्या भाषेबद्दल. हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या घरात दखनी, अंगणात मराठी. भाची गेली तेव्हा दोन्ही बोलायची. तिथे शाळेत इंग्रजी, सोबत हिंदी, थोडी अरबी. इमारतीत हैदराबादी, उत्तर प्रदेशी, पाकिस्तानी मुलं. खालच्या बकाल्याचा, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाचा मालक येमेनी. त्याने पहिल्यांदा तिला विचारलं, "हिंदी?" अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. ती पाच वर्षांची, तिला वाटलं भाषा विचारतोय. तिने मान हलवून ठणकावून सांगितलं, "नाही, मराठी!" तो बिचारा गोंधळला. हा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात.

उत्तर प्रदेशी मुलं तिच्या दखनीला हसायची. "मेरेकू", "नक्को" ऐकलं की चिडवायची. हैदराबादच्या मुलींशी मात्र तिचं गूळपीठ, कारण त्याही 'नक्को'च म्हणायच्या. मी तिला सांगितलं, "अगं, हे 'नक्को' तुझ्या दादीच्या अंगणातलं आहे. मराठीतलं 'नको' दखनीत गेलं आणि पार हैदराबादेपर्यंत पोचलं." दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना ऐकवलं, "तुम बोलते ना, वो हमारा मराठी है." बोलीची लाज वाटणाऱ्या मुलीला तिच्या बोलीचा इतिहास सांगितला की पाठ ताठ होते, हा वर्गातला माझा अनुभव इथेही खरा ठरला.

पण सगळंच इतकं सोपं नव्हतं. आठेक वर्षांची असताना तिने व्हिडिओ कॉलवर दादीला विचारलं, "दादी, तुम साडी कायकू पैनते? तुम मुसलमान है ना?" वर्गातल्या एका मुलीने तिला सांगितलं होतं की साडी हिंदूंची आणि मराठीही हिंदूंची भाषा. तिकडे बाहेर जाताना प्रत्येक बाईच्या अंगावर काळा अबाया. त्यातच वाढलेल्या मुलीला तसं वाटणं साहजिक होतं. माझी आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बेटा, नमाज अरबी में पढती, झगडा मराठी में करती. दोनो अल्ला कू समझता."

यावर हसून सोडून देता येत नाही. इकडे आपल्याला मराठी असल्याचं पटवून द्यावं लागतं आणि तिकडे आपल्याच पोरीला वाटू लागतं की मराठी आपली नव्हे. मग मी तिला दर आठवड्याला एकेक गोष्ट सांगू लागले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला ती गोष्ट. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं आणि फक्रुद्दीन बेन्नूर त्याचे अध्यक्ष होते, ती गोष्ट. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण आपल्यासारखे बरेच आहेत, एवढं तिला कळलं.

मग आला पैशाचा प्रश्न. सौदी सरकारने २०१७ च्या जुलैपासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर शुल्क लावलं. माणशी महिन्याला १०० रियाल. दर जुलैला त्यात १०० ची भर आणि २०२० मध्ये ४०० रियाल. इकामा नूतनीकरणाच्या वेळी वर्षाचं एकदम भरायचं. २०१९ च्या दराने भावाची बायको आणि दोन मुलं यांचे वर्षाला १०,८०० रियाल होत होते, तेव्हाच्या भावाने सुमारे दोन लाख रुपये. शाळेची फी, घरभाडं वेगळं. त्या दोन-तीन वर्षांत जेद्दाह-रियाधमधून कितीतरी भारतीय कुटुंबं परतली. भावाच्या इमारतीत दर शुक्रवारी कोणाचा तरी सोफा, फ्रिज विकायला निघे. २०१९ च्या मेमध्ये भावजय आणि मुलं उरवड्याला आली. भाऊ तिकडेच राहिला, पुन्हा एका खोलीत चौघांसोबत. आखातात अशा माणसाला 'बॅचलर' म्हणतात, मग त्याला दोन मुलं असोत की चार.

म्हणजे सात वर्षांनी आमचं घर पुन्हा डबेवाल्यांच्या रीतीवर आलं.

मोठ्यांच्या लेखी ही घरवापसी होती. अकरा वर्षांच्या भाचीसाठी मात्र परदेश आता सुरू झाला. तिच्या आठवणीत पाऊस म्हणजे वर्षातून एखाद-दोन दिवस रस्ते तुंबवणारी गोष्ट. इथे मुळशीचा जून-जुलै! ओले कपडे वाळत नाहीत, वीज जाते, वह्यांना बुरशी येते. तिकडे ती कधी एकटी बकाल्यापर्यंत गेली नव्हती. इथे दादीने पहिल्याच आठवड्यात तिला साखर आणायला पिटाळलं. ती दाराशी रडवेली उभी. महिनाभरात मात्र तेच तिचं सगळ्यात आवडतं काम झालं. सुट्टे पैसे मोजत, कुत्र्यांना हाकलत ती एकटी जाऊ लागली.

शाळेचं काम अवघड होतं. इंग्रजी माध्यमात घातलं तरी सहावीला मराठीचा पेपर होताच. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, राज्य सरकारने पहिली ते दहावी सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. ती मराठी बोलायची बरी, पण लिहिताना 'ळ' कुठेच नाही. आमच्या दखनीत ळ नाही, उर्दूत नाही, अरबीतही नाही. सात वर्षं जो आवाज कानावर पडला नाही तो हातात कुठून येणार? तिने निबंधात लिहिलं, "दादी शेजारच्या बालाला तेल लावते." वर्गात हशा पिकला. एका शिक्षिकेने "हिला पाचवीत बसवा" असं सुचवलं. भावजय घरी येऊन म्हणाली, "चला, परत जाऊ." पण परत जायला इकामा कुठे होता? बाहेर पडतानाच 'फायनल एक्झिट'चा शिक्का बसला होता.

आम्ही ळ पासून सुरुवात केली. पुस्तक बाजूला ठेवलं. दादीला सांगितलं, हिला दिवसभर ळ चे शब्द बोलायला लाव. तांदूळ, डाळ, केळं, गूळ, नळ, ओहोळ, मुळशी! दादी तांदूळ निवडत बोलायची, ही मागून म्हणायची. कानाला फरक कळला की मग लिहायला दिलं. बालभारतीची पहिली ते पाचवीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती वर्षभरात एकापाठोपाठ एक वाचून काढली. दर शुक्रवारी अब्बांना मराठीत पत्र, हाताने लिहून, फोटो काढून पाठवायचं. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली, भाऊ तिकडे अडकला, आणि ती पत्रं नेमाची झाली. भाऊ सांगायचा, खोलीतले कोकणचे दोघेजणही ती वाचून घेतात.

यंदा ती अकरावीला आहे. मराठीत वर्गात पहिली वगैरे येत नाही, पण ळ चुकत नाही. धाकट्याला जेद्दाहमधलं 'यल्ला' आणि खुब्सची चव एवढंच आठवतं.

माझे काही वाचक आखातात आहेत, म्हणून शिक्षिका या नात्याने एवढंच सांगते. मुलांना तिथलं सगळं शिकू द्या. अरबी शिकू द्या, तमीस खाऊ द्या, कॉर्निशवर पळू द्या. पण इकाम्यावर तारीख आहे हे त्यांच्यापासून लपवू नका. "अजून पाच वर्षं आहेत" म्हणत मराठी पुढे ढकलू नका, कारण ती पाच वर्षं कधी पाच महिन्यांवर येतील ते तुमच्या हातात नसतं. क्लास लावायची गरज नाही. शुक्रवारी दादी-नानीला फोन लावा, फोन मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.