गढीतले घोडे

'गढी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढऱ्या मातीचा ढासळलेला बुरूज, त्यावर उगवलेला पिंपळ आणि "तिकडे जाऊ नका रे, साप असतात!" असं ओरडणारी आजी. आमच्या गावची गढी अगदी अशीच आहे. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानात पाहिलेल्या एका गढीची गंमत तुम्हांला सांगावीशी वाटते.

जयपूरच्या उत्तरेला शेखावाटी नावाचा रेताड मुलूख आहे. तिथे झुंझुनू जिल्ह्यात दुंडलोद हे गाव. ठाकूर केसरीसिंह यांनी 1750 साली तिथे गढी बांधली. आधी सूरज पोल, मग बिचला दरवाजा, मग उत्तर पोल. पोल म्हणजे मोठा दरवाजा. आत दिवाणखाना आणि त्याच्या रंगीत काचांच्या उंच खिडक्या.

पुढे काळ बदलला. 1952 साली राजस्थानात जहागिरी खालसा करण्याचा कायदा झाला. उत्पन्न आटलं. आता एवढ्या मोठ्या वास्तूची डागडुजी कोण करणार? आणि घोड्यांना रोज दाणावैरण कुठून आणणार? त्या दिवसांत कितीतरी उमदे मारवाडी घोडे ओझी वाहायला विकले गेले, कितीतरी मारलेही गेले. ही जातच संपते की काय, अशी वेळ आली.

मारवाडी घोडा ओळखायचा कसा? त्याचे कान बघा. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. जणू डोक्यावर नमस्कारच केलाय!

दुंडलोदच्या घराण्याने एक युक्ती केली. गढीतल्या खोल्या पाहुण्यांना राहायला दिल्या आणि मारवाडी घोडे पाळून त्यांच्यावरून सहली सुरू केल्या. घोडेस्वारीला काय लागतं? स्वारासकट घोडा आत येईल असा दरवाजा, मोकळं आवार, हवेशीर तबेला आणि बाहेर मऊ जमीन. गढी बांधलीच होती घोड्यांच्या काळात! फारशी मोडतोड करावी लागली नाही. पाहुण्यांच्या पैशांतून गढीचीही देखभाल होऊ लागली. थोडक्यात, घोड्यांनी गढी राखली आणि गढीने घोडे. याच घराण्यातले रघुवेंद्रसिंह आणि फ्रान्सिस्का केली यांनी 1999 साली देशी घोड्यांच्या रक्षणासाठी 'इंडिजिनस हॉर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली.

मीही घोड्यावर बसले बरं का! पाय लटपटत होते. मोतद्दार म्हणाला, "बाई, टाचा खाली, नजर पुढे. खाली बघाल तर खाली पडाल." घोडा चालू लागला. बाजरीची शेतं, खेजडीची झाडं, वाळूत टापांचा मऊ आवाज. आणि एकदम मला माझे आजोबा आठवले.

आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावच्या गढीसमोरून जाताना आमच्या माणसांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. घोड्यावर बसणं तर दूरच! आणि त्यांची नात मात्र गढीतल्या घोड्यावर ताठ बसली होती. अर्थात, सगळं बदललंय असं समजू नका. खालच्या मानलेल्या जातीचा नवरदेव घोड्यावर बसला म्हणून त्याची वरात अडवली, अशा बातम्या राजस्थानातून आजही येतात. मला वाटतं, जुन्या वाड्याला नुसता चुना लावून भागत नाही. त्याचा दरवाजा कुणाकुणाला उघडला, हेही बघायला हवं.

घोडे काही राजस्थानचीच मिरास नाहीत हं! भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी मराठ्यांच्या फौजेत होती. अंगाने लहान, पण मोठी काटक. धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी घोडी तुम्हीही पाहिली असतील. पुढच्या वेळी नुसतं "हॅट्!" करू नका, जरा निरखून बघा.

सुट्टीनंतर मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं, "आपल्या गावच्या गढीचं काय करूया?" एक म्हणाला, वाचनालय. दुसरा म्हणाला, तालीम. मागच्या बाकावरची एक चिमुरडी उठली न् म्हणाली, "बाई, तबेलाच करू. पण पहिली फेरी माझी!"

तुमच्या गावात आहे का अशी एखादी गढी किंवा वाडा? मोठ्यांना सोबत घेऊन बघून या. आणि त्याचं काय करता येईल, ते मला नक्की कळवा!