वरचं बोवा, खालचं बोवा

बोवाच्या चौकात वाफेचं एक काळंकभिन्न इंजिन उभं आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीवर. इथे रेल्वे कधी आलीच नाही, येणं शक्यही नव्हतं. तरी 740 मालिकेतलं हे अवजड धूड वळणावळणाच्या रस्त्याने वर चढवलं आणि भर चौकात स्मारक म्हणून मांडलं. पहिल्यांदा येणारा त्याच्याकडे बघतच राहतो. मग नजर दरीकडे जाते, दरीच्या पार टोकाला समुद्राची निळी कड दिसते, आणि रेल्वे या गावाची कोण लागते ते हळूहळू ध्यानात येतं.

इटलीच्या बुटाचं टोक म्हणजे कालाब्रिया. त्या टोकाच्याही टोकाला, आस्प्रोमोंते डोंगराच्या दक्षिण उतारावर, गावांच्या जोड्या आहेत. वर बोवा, खाली बोवा मारिना. वर पालीझ्झी, खाली पालीझ्झी मारिना. कोंदोफूरीचंही तेच. वरचं गाव कड्याला बिलगलेलं, दगडी, अरुंद बोळांचं. खालचं किनाऱ्यालगत पसरलेलं, सिमेंटचं. शेकडो वर्षं किनारा हा राहण्याचा मुलूखच नव्हता. समुद्रातून चाचे यायचे आणि नदीमुखांच्या दलदलीत हिवताप दबा धरून असायचा. म्हणून माणसं वर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्याने रूळ पडले, पुढे हिवताप हटला, आणि तीच माणसं एकेक करून खाली उतरू लागली. खाली उतरलेली बरीचशी स्टेशनात थांबलीच नाहीत. गाडीत बसून उत्तरेला, तिथून आणखी लांब गेली.

त्यामुळे इथे सावकाश फिरणारा माणूस लोकांच्या उलट वाटेने चालतो. सगळे जिथून उतरले तिथे तो चढतो.

सावकाशीची सुरुवात रेज्जो शहरापासूनच होते. आयोनियन समुद्राच्या कडेने जाणारी गाडी छोट्या छोट्या स्टेशनांवर थांबत राहते. एका खिडकीत पाणी, दुसऱ्या खिडकीत डोंगर. मधे बर्गमॉटच्या बागांची चिंचोळी पट्टी. लिंबाच्या कुळातलं हे फळ. जगातल्या बर्गमॉट तेलाचा फार मोठा वाटा या एवढ्याशा पट्टीतून निघतो आणि अत्तरांत, अर्ल ग्रे चहात जाऊन पोचतो. यंत्रं येण्यापूर्वी हे तेल हातांनी काढत. फळ मधोमध चिरायचं, गर कोरून टाकायचा आणि सालीची वाटी समुद्रातल्या खऱ्याखुऱ्या स्पंजावर दाबून फिरवायची. सालीतल्या बारीक पुटकुळ्या फुटायच्या, स्पंज भिजायचा, मग तो मातीच्या भांड्यात पिळायचा. हे काम करणाऱ्याच्या हातांना येणाऱ्या वासाची कल्पना करायची, तर आजही त्या सालीला नुसतं नख लावून बघावं. लिंबापेक्षा खोल, किंचित कडवट वास. तो बोटांवर बराच वेळ रेंगाळतो.

बागा संपल्या की नदी लागते, म्हणजे नदीचं पात्र. इथे त्याला फ्यूमारा म्हणतात. आमेंदोलेआचं पात्र उन्हाळ्यात पांढऱ्या गोट्यांचं मैदानच दिसतं. रुंद, लखलखीत, आणि त्यात कुठेतरी हातभर पाणी. चालणाऱ्याला वाटतं, हाच राजमार्ग. एके काळी होताही. पण आस्प्रोमोंतेचं सर्वोच्च शिखर मोंताल्तो जवळजवळ 1,955 मीटर उंच, आणि तिथून समुद्र तीस किलोमीटरच्या आत. शरदातला पाऊस एवढ्या तीव्र उतारावरून सुटतो तेव्हा हेच गोटे गडगडत खाली येतात.

1847 मध्ये इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर याच डोंगरांतून पायी हिंडला. बालगोपाळांना हसवणाऱ्या निरर्थक कवितांसाठी जग त्याला ओळखतं, पण दक्षिण कालाब्रियाच्या भटकंतीची त्याची रोजनिशी (1852) आणि त्यातली चित्रं इथे जिव्हाळ्याने जपलेली आहेत. सोबत एक मित्र, एक स्थानिक वाटाड्या आणि सामान वाहणारा एक घोडा, एवढाच लवाजमा. आज त्याच्या आठवणीने ‘इंग्रजाची वाट’ आखलेली आहे. ती पेंतेदात्तिलोपासून निघते. पाच बोटांच्या पंजासारखा उभा सुळका आणि त्याच्या तळव्यात ओस पडलेलं गाव. लिअरने पाहिलं तेव्हा ते नांदतं होतं.

रोगूदी मात्र कालपरवा ओस पडलं. आमेंदोलेआच्या वळणावर, तिन्ही बाजूंनी तुटलेल्या कड्यावरचं हे गाव. लहान मुलं दरीत पडू नयेत म्हणून आया त्यांना दोरीने भिंतीतल्या खिळ्याला बांधून ठेवत, असं सांगतात. ऑक्टोबर 1971 च्या पुराने वाटा तुटल्या, कडा खचू लागला आणि गाव रिकामं करावं लागलं. लोकांना पुढे समुद्राकाठी, मेलितोजवळ नवं रोगूदी बांधून दिलं. मेंढपाळांच्या दारात समुद्र आला.

घरं नवी मिळाली, पण भाषेचं तसं झालं नाही. रोगूदी, बोवा, गाल्लिच्यानो या गावांत ग्रीकची एक जुनी बोली बोलत: ग्रेको. जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेर्हार्ड रोल्फ्स यांनी ती थेट प्राचीन ग्रीक वसाहतींपासून चालत आल्याचं मांडलं. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक तिचं मूळ बायझंटाइन काळात शोधतात. वाद मोठा आहे, पण तो ज्या भाषेवर चालला ती बोलणारे आता अगदी थोडे, आणि बहुतेक वयस्क. डोंगरात रस्ते नव्हते तोवर ती तगली. खाली शाळेत, बाजारात ती बोलणाऱ्याला लोक हसत, म्हणून आईबापांनी ती मुलांना शिकवलीच नाही. 1999 च्या कायद्याने तिला संरक्षण दिलं ते फार उशिरा. आज बोवाच्या पाट्यांवर गावाचं जुनं नाव लिहिलेलं दिसतं: खोरा तू वूआ. मुद्दाम मोठ्याने वाचावं असं नाव.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी बोवात येता आलं तर जरूर यावं. वेताच्या काडीवर ऑलिव्हची पानं एकेक करून विणत गावकरी स्त्रियांच्या आकृत्या तयार करतात. काही मोठ्या, काही लहान, आई आणि लेक. अंगाखांद्यावर रानफुलं माळतात, नव्या हंगामाची फळं लावतात. अनेकांना त्यात देमेतेर आणि पर्सेफोनी या ग्रीक मायलेकी दिसतात. मिरवत मिरवत त्या चर्चमध्ये जातात, पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. आणि मग, इतक्या निगुतीने विणलेल्या त्या आकृत्या तिथेच उसवायला घेतात. ज्याच्या त्याच्या हातात पानांची एकेक जुडी येते. ती घरी न्यायची, वर्षभर जपायची. घर वर असो, नाहीतर खाली मारिनात.