भीम बोलत नाही, म्हणून

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या स्टुडिओने 2008 साली ‘छोटा भीम’ पोगो वाहिनीवर आणला आणि ढोलकपूर नावाचं गाव देशभरातल्या बैठकीच्या खोल्यांत वसलं. राजीव चिलका यांच्या याच स्टुडिओने एप्रिल 2019 मध्ये नेटफ्लिक्ससाठी ‘मायटी लिटिल भीम’ केला. यातला भीम अजून बाळ आहे. लाडवांच्या मागे लागतो, हत्तीशी खेळतो, घर डोक्यावर घेतो. बोलत मात्र नाही. हसणं, हुंकार, बोबडे आवाज, बस्स. मालिकेत संवादच नाहीत. काही महिन्यांत 2 कोटी 70 लाख घरांनी ती पाहिल्याचं नेटफ्लिक्सने जाहीर केलं, आणि त्यातली बहुसंख्य घरं भारताबाहेरची होती. भाषाच नसल्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही.

जगाच्या बाजारासाठी केलेली ही सोय हैदराबादेतल्या मराठी घरांना वेगळ्याच कारणाने उपयोगी पडते. पडद्यावरचं बाळ गप्प असेल तर बोलायचं काम बघणाऱ्यांवर येतं. आणि बघणारे मराठी बोलले, तर मालिका मराठी होते.

प्रस्तुत लेखिका काचीगुड्याच्या बाजूला रविवारी सकाळी लहान मुलांचा मराठी वर्ग घेते. चार ते सात वर्षांची मुलं. घरी मराठी, जिन्यात आणि मैदानावर दखनी हिंदी, शाळेत इंग्रजी, शिवाय तेलंगणाच्या 2018 च्या कायद्याने शाळेत तेलुगूही सक्तीची. चार भाषांच्या या गर्दीत मराठी जेवणाच्या ताटापुरती उरते. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देतं. मुलाला कळतं सगळं, बोलायची वेळ मात्र येत नाही. अशा मुलांना आणखी मराठी ऐकवून फारसं काही होत नाही. त्यांना बोलायला निमित्त लागतं.

म्हणून वर्गात टॅब्लेट येतो, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बटण असतं ते थांबवायचं. बाळ-भीमाचा भाग पाच-सहा मिनिटांचा. तो कुठे थांबवायचा, यात खरी कारागिरी आहे. प्रसंग घडून गेल्यावर थांबवलं तर मुलं फक्त “पुढे, पुढे” म्हणतात. घडायच्या किंचित आधी थांबवावं लागतं. भीमाचा हात लाडवाच्या थाळीपासून वीतभर दूर आहे, थाळी फळीच्या टोकावर आहे, चित्र गोठलं. “आता?” एवढंच विचारायचं. मग एकदम कल्ला होतो. “ते पडणार!” “भीम पडलं!” पाच वर्षांची एक मुलगी ओरडते. “हो, भीम पडेल. धपकन पडेल,” असं म्हणून बाई पुढे चालू करतात. चूक दाखवायची नाही, बरोबर रूप सहज कानावर घालायचं. पुढच्या थांब्याला तीच मुलगी म्हणते, “भीम धपकन पडेल!” ‘पडलं’चं ‘पडेल’ झालं ते तिच्या लक्षातही आलेलं नसतं, तिला ‘धपकन’ आवडलेला असतो.

एका भागात तीनच थांबे. चौथ्याला मुलं वैतागतात आणि त्यांचं बरोबरच असतं. आणि प्रश्न परीक्षेचे नकोत. “हा कोणता रंग?” असं विचारलं की मुलाला लगेच वास येतो की हिला उत्तर माहीत आहे, ही उगाच विचारते आहे. “आता काय करील?” याचं उत्तर मात्र बाईंनाही द्यावं लागतं, आणि ते चुकलं तर वर्गाला फार आनंद होतो.

तोच भाग पुढच्या रविवारी पुन्हा लावला की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांच्या नाही. अमेरिकेत 1996 साली निकलोडियन वाहिनीवर ‘ब्लूज क्लूज’ सुरू झालं, तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. सूत्रधार प्रश्न विचारून पडद्यातून मुलांकडे बघत थांबायचा. संशोधकांनी पाहिलं की पहिल्या दिवशी मुलं टक लावून बघतात, आणि पाचव्या दिवसापर्यंत उत्तरं ओरडून सांगू लागतात. मोठ्यांना जो कंटाळा वाटतो, तो मुलांसाठी बोलायच्या तयारीचा वेळ असतो.

पडदा नुसता चालू ठेवला तर काय होतं, हेही तपासून झालेलं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जुडी डिलोच आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 12 ते 18 महिन्यांच्या बाळांना शब्द शिकवणारी एक खपाऊ डीव्हीडी महिनाभर दाखवली. ज्यांनी ती पाहिली आणि ज्यांनी काहीच पाहिलं नाही, त्यांच्यात फरक पडला नाही. सगळ्यात जास्त शब्द शिकली ती बाळं, ज्यांच्या आईवडिलांना डीव्हीडी न देता फक्त शब्दांची यादी दिली होती आणि दिवसभरात जमेल तसे शिकवा म्हटलं होतं. यातली खरी गंमत पुढे आहे: ज्या पालकांना ती डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं बाळ तिच्यातून पुष्कळ शिकलं असं वाटत होतं. ‘आमचा पिंट्या मोबाइलवरून सगळं शिकला’ हे वाक्य प्रत्येक मराठी लग्नात ऐकू येतं, त्याचं मूळ इथे असावं.

पण पडद्यातून कुणी उत्तर देत असेल तर गोष्ट बदलते. 2014 साली अमेरिकेतच रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी 24 ते 30 महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली: काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवरून, काहींना आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. समोरच्या माणसाकडून मुलं शिकली, कॉलवरूनही शिकली. चित्रित व्हिडिओतून नाही. पडदा तोच, चेहराही तसाच. फरक इतकाच की कॉलवरची बाई मुलाने काही म्हटलं की त्यालाच धरून बोलत होती.

लातूर-नांदेडच्या आजीआजोबांनी हे वाचावं. रात्री आठच्या व्हिडिओ कॉलवर “जेवलास का? शाळेत काय शिकवलं?” एवढ्यावर भागवू नये. पाटीवर चित्र काढावं, अर्धंच दाखवावं आणि नातवाला ओळखायला लावावं.

या बाबतीत हैदराबादचा अनुभव जुना आहे. दिल्लीच्या काळकाजीत 1999 साली भिंतीत संगणक बसवणारे सुगत मित्रा पुढे इथल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत प्रयोग करत होते. स्काइपचं काय करावं असं त्यांनी मुलांना विचारलं, तर मुलांनी सांगितलं की इंग्लंडच्या आज्यांनी आम्हाला गोष्टी वाचून दाखवाव्यात. त्यासाठी सगळे मिळून आठवड्याला एक पौंड द्यायचीही त्यांची तयारी होती. 2009 मध्ये मित्रा यांनी ब्रिटिश वर्तमानपत्रातून आवाहन केलं आणि ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे स्काइपवरच्या आज्यांचा ताफा, उभा राहिला. त्याच्या समन्वयाचं काम पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षं केलं. मित्रा यांच्या ‘मुलं आपापली शिकतात’ या सिद्धान्तावर पुष्कळ वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण मुलांनी स्वतःहून मागितली ती आजी, हे त्या वादात थोडं मागे पडलं.

त्याआधीचा, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला मित्रा यांचा एक प्रयोगही हैदराबादचाच. 12 ते 16 वर्षांची 16 मुलं, चौघांचे चार गट, आठवड्याला तीन तास, पाच महिने. त्यांना बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर आणि काही इंग्रजी चित्रपट दिले. त्यात ‘माय फेअर लेडी’ होता. फुलवालीचे उच्चार सुधारणाऱ्या प्राध्यापकाची ही गोष्ट मराठी माणूस ‘ती फुलराणी’मुळे ओळखतो. यंत्र मुलांचं बोलणं चुकीचं टाइप करायचं, मग बाकीचे तिघे तुटून पडायचे: असं नाही, असं म्हण. शिकवलं ते त्या तिघांनी. यंत्राने भांडायला विषय पुरवला. मुलं मोठी होती, पण चौघांत एक पडदा हे सूत्र चार वर्षांच्या मुलांनाही लागू पडतं. प्रत्येकाच्या हातात वेगळा टॅब्लेट दिला की वर्ग शांत होतो. भाषेच्या वर्गाला ही शांतता परवडत नाही.

आणि यंत्र शिक्षकाच्या जागी बसवलं तर? गुजरातमधल्या ज्ञानशाला या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या मुलांवर ली लिंडेन यांनी केलेल्या अभ्यासात याचं सरळ उत्तर आहे. गणिताचा संगणक-कार्यक्रम एकच. काही ठिकाणी तो बाईंच्या तासाच्या बदल्यात दिला, काही ठिकाणी शाळेच्या वेळेव्यतिरिक्त. बदल्यात दिला तिथे मुलं मागे पडली. जोडीला दिला तिथे पुढे गेली, आणि सगळ्यात कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. शाळेला ‘स्मार्ट’ करायला निघालेल्या प्रत्येक व्यवस्थापनाने हा निष्कर्ष फळ्यावर लिहून ठेवावा.

सरकारी माध्यमांनाही ही जोडीची गरज कधी कळली, कधी नाही. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांना दूरदर्शन पोचलं. त्याच्या तीन निर्मिती केंद्रांपैकी एक हैदराबादला होतं, आणि सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेली होती. पुण्याची बालचित्रवाणी 1984 साली निघाली आणि 2017 मध्ये बंद झाली. करोनाकाळात, जुलै 2020 मध्ये, सह्याद्रीवर आलेली ‘टिलीमिली’ मात्र वेगळी होती. त्यात वर्ग आणि फळा नव्हता. घरातली मुलं आणि मोठी माणसं मिळून घरातल्याच वस्तूंतून शिकत होती. बघणाऱ्या आईला आपण काय करायचं ते आपसूक दिसत होतं.

आता अक्षरांच्या खेळांकडे. मराठी अक्षरओळखीची बहुतेक ॲप एकाच साच्यातली: अ अननसाचा, बोट लावा, आवाज ऐका, टाळ्या. मूल काही मिनिटांत ओळखतं की सगळीकडे टिचक्या मारत गेलं की कुठेतरी टाळ्या वाजतात. त्याला खेळ जमला. अक्षर जमलंच असं नाही. शिवाय ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ चालत गेलं तर पहिला शब्द वाचायला फार वाट बघावी लागते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी वेगळी वाट घातली: मोजक्या अक्षरांचा गट घ्या, काना-मात्रा सुरुवातीलाच आणा आणि मुलाला लगेच शब्द वाचू द्या. पुढे बर्नसन हैदराबादच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसशी जोडल्या गेल्या. तिथल्या अभ्यासगटाने वाडा तालुक्यातल्या मराठी आणि यादगीरच्या कन्नड शाळांत मुलं वाचायला कशी शिकतात याचा माग काढला. हे सगळं ज्ञान उपलब्ध आहे. ॲप बनवणाऱ्यांपर्यंत ते फारसं पोचलेलं दिसत नाही.

वर्गात सध्या ज्याच्यावर मुलं सगळ्यात जास्त बोलतात ते शिकवणारं ॲपच नाही. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटीच्या लोकांनी 2014 मध्ये आणलेलं ‘स्क्रॅचज्युनिअर’ पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, मोफत आहे आणि ते वापरायला वाचता यावं लागत नाही. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे: निळा जोडला की मांजर चालतं, हिरव्यात आपला आवाज भरता येतो. कॅमेऱ्याने स्वतःचा चेहरा पात्रावर चिकटवता येतो. एका सात वर्षांच्या मुलाने मांजराला चारमिनारजवळ न्यायचं ठरवलं. पार्श्वभूमीत चारमिनार नव्हता, तो त्याने बोटाने काढला; तीन मिनार एका बाजूला झुकले, चौथा मावला नाही. मग आवाज. “चल, आपण... ते काय... खाऊ.” ऐकलं, पुसलं. पुन्हा भरला. शेजारचीने ‘बर्फाचा गोळा’ पुरवला. तिसऱ्यांदा ‘लेट्स गो’ तोंडात आलं, तेही त्याने पुसलं. बाईंनी काही म्हटलेलं नसताना. लातूरच्या आजीला पाठवायचं होतं आणि आजीला इंग्रजी कळत नाही, हे त्याचं कारण. शेवटी मांजर खणखणीत मराठीत म्हणालं, “चल, गोळा खाऊ, आईला नको सांगू!”

वेळेचं बंधन आहेच. दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल वगळता पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं आहे. रविवारच्या वर्गात टॅब्लेटला जेमतेम वीस मिनिटं मिळतात. उरलेला वेळ भोंडला, चित्रं आणि भांडणं सोडवणं यांत जातो.

तेव्हा माधापूर-गच्चीबावलीत कोड लिहिणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. ‘अ अननसाचा’चं आणखी एक ॲप काढू नका. असा खेळ करा जो मध्येच थांबतो आणि मूल बोलेपर्यंत खरंच वाट बघतो. ज्यात आजीचा आवाज भरता येतो. जो इंटरनेट नसताना चालतो. आणि ज्यात पुणेरी सूत्रधाराच्या बरोबरीने नांदेड-परभणीची, आपल्या हैदराबादची मराठी ऐकू येते. तपासून बघायला मुलं लागतील. ती रविवारी सकाळी दहाला हजर असतात, आणि काही आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. येताना चार्जर तेवढा आणा.