ग्रहणातले कवडसे

आम्ही भावंडे लकडगंजची. वडील आरामशीनवर कामाला होते. दि. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी सूर्यग्रहण लागले. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते, आपल्या नागपुरात खंडग्रास. वस्तीत दारे बंद झाली. आमची वहिनी पोटुशी होती. शेजारणी म्हणाल्या, "पोरी, आज विळीला हात लावू नको."

आजीने मात्र दार उघडले. म्हणाली, "आमी गिऱ्हानाचं दान मांगत घरोघर फिरो. छप्पन साली दीक्षा घेतली अन् ते सुटलं. आता भ्यायचं काहून?" वहिनीने भाजी चिरली.

वडिलांनी आम्हांला आरामशीनच्या शेडमध्ये नेले. पत्र्याच्या छिद्रांतून भुशावर एरवी गोल कवडसे पडत. त्या दिवशी प्रत्येक कवडशाची कोर झाली होती! सूर्य चंद्राहून सुमारे ४०० पट रुंद. पण तेवढाच पट दूर. म्हणून इवलासा चंद्र त्याला झाकतो. यात राहू कुठला?

वहिनीला मुलगी झाली, धडधाकट.

बंधू-भगिनींनो, ग्रहणात लेकरांना कोंडू नका. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू देऊ नका. कवडसे जरूर दाखवा.