जर्सी जाळणाऱ्यांचे दुःख

दिनांक ८ जुलै २०१० च्या रात्री अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात लोकांनी रस्त्यावर उतरून एका बास्केटबॉलपटूच्या जर्सी पेटवल्या. पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाने कोणाचे पैसे बुडवले नव्हते की सामना विकला नव्हता. करारातील तरतुदीनुसार तो मोकळा झाला होता आणि पुढील हंगामापासून आपण मायामीच्या संघातून खेळणार, एवढेच त्याने दूरचित्रवाणीवरून जाहीर केले होते. कायद्याच्या दृष्टीने पाहता त्यात गैर काहीच नव्हते. तरीही घरातले माणूस दागिने घेऊन पळून गेल्यासारखा आक्रोश त्या शहरात उसळला.

लेब्रॉन जेम्स हे त्या खेळाडूचे नाव. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातवंडांना ते ठाऊक असते. आजी-आजोबांना बहुधा नसते. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. त्याचा जन्म क्लीव्हलंडपासून तासाभराच्या अंतरावरील अॅक्रन गावचा. २००३ साली अठराव्या वर्षी, शाळेतून थेट, तो क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्स या संघात आला आणि सात हंगाम तेथे खेळला. २००९-१० च्या हंगामात त्या संघाने ८२ पैकी ६१ सामने जिंकले होते. विजेतेपद मात्र एकदाही लाभले नव्हते.

क्लीव्हलंडचे दुःख समजून घ्यायचे तर त्या शहराची खतावणी थोडी मागे उलटावी लागते. इरी सरोवराच्या काठी वसलेले हे पोलाद आणि कारखान्यांचे शहर १९५० साली सुमारे ९ लाख १५ हजार वस्तीचे होते. २०१० च्या जनगणनेत ती संख्या ४ लाखांच्याही खाली आली. कारखाने गेले, त्यांच्यामागून माणसे गेली. १९९५ मध्ये तर शहराच्या लाडक्या फुटबॉल संघाच्या मालकाने संपूर्ण संघच बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली. ज्या गावाला इतके जण सोडून गेले, त्या गावात पंचक्रोशीतला एक मुलगा जगातला सर्वोत्तम खेळाडू होऊन राहिला होता. क्रीडागृहाजवळच्या इमारतीवर त्याचे प्रचंड भित्तिचित्र झळकत असे. त्याच्या घोषणेनंतर काही दिवसांतच ते उतरवण्यात आले.

संघमालकाने त्याच रात्री एक जाहीर पत्र लिहिले. त्यात स्वार्थ आणि विश्वासघात यांचे आरोप होते, आणि जेम्सच्या आधी आपला संघ विजेतेपद मिळवील अशी प्रतिज्ञाही होती. या साऱ्या वक्तव्यांबद्दल राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, म्हणजे एनबीएने, त्यांना १ लाख डॉलरचा दंड केला. प्रतिज्ञेचे काय झाले? पुढच्या हंगामात क्लीव्हलंडने अवघे १९ सामने जिंकले आणि मध्यंतरी सलग २६ सामने गमावले. मायामीने २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली.

जेम्सने दुसऱ्या संघात जाणे हा त्याचा हक्क होता. परंतु जाण्याची रीत अशोभनीय होती, हे मान्य करावे लागते. तासाभराहून अधिक लांबीचा खास कार्यक्रम आखायचा, देशभरातील प्रेक्षकांना टांगून ठेवायचे, आणि ज्यांच्याकडे सात वर्षे मीठ खाल्ले त्या संघाला अगदी तोंडावर कळवायचे, याला सभ्यता म्हणता येत नाही. कार्यक्रमाच्या जाहिरातींचे उत्पन्न मुलांच्या संस्थांना दिले गेले, ही चांगली गोष्ट. पण देणगीने निरोपातील उणीव भरून निघत नाही.

‘पैशासाठी गेला’ हा आरोप मात्र साफ खोटा होता, आणि तो आजही अशा प्रत्येक प्रसंगी होतो म्हणून त्याचा हिशेब तपासणे आवश्यक आहे. एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा असते. १९८४-८५ च्या हंगामापासून ती अस्तित्वात आहे. स्वतःचा खेळाडू टिकवून ठेवण्यासाठी मात्र संघाला ही मर्यादा ओलांडण्याची मुभा मिळते; बोस्टनच्या लॅरी बर्डवरून त्या सवलतीला त्याचे नाव पडले. म्हणजे नियमांची रचनाच अशी की, सहसा जुना संघच सर्वाधिक रक्कम देऊ शकतो. सोडून जाणारा खेळाडू बहुधा तोटा पत्करून जातो. जेम्सनेही मायामीत मिळू शकणाऱ्या कमाल रकमेहून थोडे कमीच घेतले, जेणेकरून त्याच तोडीचे आणखी दोन सहकारी त्या मर्यादेत बसावेत. लोभच म्हणायचा झाला तर तो विजेतेपदाचा होता.

हा हक्कदेखील खेळाडूंना कोणी ताटात वाढून दिलेला नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा ताबा संपत नसे. ऑस्कर रॉबर्टसन हा श्रेष्ठ खेळाडू, खेळाडू संघटनेचा अध्यक्ष या नात्याने, १९७० मध्ये न्यायालयात गेला. १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि पूर्णपणे मुक्त होऊन दुसऱ्या संघात जाण्याची वाट तर १९८८ मध्ये मोकळी झाली. म्हणजे रॉबर्टसनने ज्यासाठी लढा दिला, त्याचे पूर्ण फळ तो निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी इतरांच्या पदरात पडले.

२०१६ च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, केव्हिन ड्युरंटने ओक्लाहोमा सिटीचा संघ सोडून गोल्डन स्टेट वॉरिअर्समध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला. नुकतीच त्या दोन संघांची गाठ पडली होती. ओक्लाहोमा ३-१ अशा आघाडीवर असूनही हरले होते, आणि ज्या संघाने हरवले त्याच संघात हा गेला. त्याच्यावर झालेली टीका जेम्सपेक्षाही कडवट होती. ज्या संघाने त्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकले, त्यात जाऊन विजेतेपद मिळवण्यात कसला पराक्रम, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदे त्याला मिळाली, अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही दोन्ही वेळा मिळाला. तरी त्या यशाला लोकांनी कधी पुरते शंभर नंबरी मानले नाही.

पण ओक्लाहोमाच्या अश्रूंकडे पाहताना सिएटलची आठवण ठेवावी लागते. तो संघ मुळात सिएटलचा. तेथे तो ४१ हंगाम नांदला, १९७९ मध्ये विजेता ठरला, आणि २००८ मध्ये नव्या मालकांनी तो उचलून ओक्लाहोमा सिटीत नेला. ड्युरंटचा पहिला हंगाम सिएटलमध्येच झाला होता. एका शहराची अख्खी परंपरा दुसरीकडे हलवली गेली, तेव्हा त्याला व्यवहार म्हटले गेले. एक माणूस आपल्या पायांनी निघून गेला, तेव्हा त्याला द्रोह म्हटले गेले. या दोन शब्दांची वाटणी कोण करतो, याकडे लक्ष दिले म्हणजे बऱ्याच गोष्टी उलगडतात.

कारण संघ जेव्हा खेळाडूला सोडतो, तेव्हा त्याची जर्सी कोणी जाळत नाही.

टोरांटोच्या डीमार डीरोझनची हकिगत या बाबतीत मनाला चटका लावणारी आहे. कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनसारख्या वस्तीतून आलेला हा तरुण २००९ साली कॅनडातील या संघात दाखल झाला. अमेरिकन खेळाडू तेथे फार काळ राहू इच्छित नाहीत, असा त्या काळी समज होता. हा राहिला. २०१६ मध्ये तो मोकळा झाला तेव्हा इतर संघांशी बोलणीही न करता त्याने टोरांटोशी पाच वर्षांचा करार केला. संघाच्या इतिहासात सर्वाधिक गुण त्याच्या नावावर जमा झाले. आपल्याला नैराश्याचा त्रास होतो, हे त्याने जाहीरपणे सांगितले आणि इतर अनेकांना बोलण्याचे धैर्य दिले. १८ जुलै २०१८ रोजी टोरांटोने त्याला सॅन अँटोनिओकडे धाडून बदल्यात काव्हाय लेनर्डला आणले. आपली अदलाबदल होणार नाही अशी समजूत आपल्याला करून देण्यात आली होती, असे डीरोझनचे म्हणणे. संघाच्या प्रमुखांनी या गैरसमजाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

बदलीची नोकरी केलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. दोन ओळींचा आदेश येतो, आठवड्यात पदभार सोडायचा असतो, मुलांची शाळा अर्धवट राहते. परंतु बँकेतील अधिकाऱ्याला निदान आधीपासून ठाऊक असते की आपली नोकरी बदलीची आहे, आणि नव्या गावीही बोर्ड त्याच बँकेचा असतो. खेळाडू मात्र कालच्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभा केला जातो. आपल्या संमतीशिवाय अदलाबदल होऊ नये अशी अट करारात घालून घेण्यासही आठ वर्षांचा अनुभव आणि त्याच संघात चार वर्षे, अशी पात्रता लागते. आणि पात्र ठरलेल्यांतही ती फारच थोड्यांना मिळते. संघांचे व्यवस्थापक खेळाडूंना सरळ ‘मालमत्ता’ म्हणतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे ऐकताना अडखळल्यासारखे होते, कारण ताळेबंदात यंत्र दाखवतात, ख्यातीसुद्धा दाखवतात, माणूस दाखवत नाहीत.

टोरांटोचा सौदा निव्वळ हिशेबाने पाहता अचूक ठरला, हे सांगितले पाहिजे. लेनर्डने २०१९ मध्ये त्यांना पहिलेवहिले विजेतेपद मिळवून दिले, आणि काही आठवड्यांतच तो मोकळा होऊन लॉस एंजेलिसला निघून गेला. एकच हंगाम राहिला. पुन्हा टोरांटोत खेळायला आला तेव्हा लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याआधी डीरोझनसाठीही ते असेच उभे राहिले होते. नऊ वर्षे दिलेल्याला आणि एक वर्ष दिलेल्याला एकाच शहराने सारखा मान दिला, यात काही खटकते आणि काही आवडतेही.

बोस्टनच्या आयझेया थॉमसची कथा यापेक्षा वाईट. २०११ च्या नवोदित निवडीत शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर घेतलेला हा बुटका खेळाडू २०१६-१७ मध्ये सामन्यामागे सरासरी २८.९ गुण मिळवत होता. एप्रिल २०१७ मध्ये त्याची बहीण अपघातात वारली; दुसऱ्याच दिवशी तो बोस्टनसाठी मैदानात उतरला. ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलंडकडे पाठवून दिले.

अशा अदलाबदलींची सवय झालेल्या अमेरिकेलाही २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी डॅलसने हादरा दिला. ल्युका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा तरुण वयाच्या पंचविसाव्या वर्षी जगातील पहिल्या चार-पाच खेळाडूंत गणला जात होता. आदल्याच वर्षी त्याने डॅलसला अंतिम मालिकेपर्यंत नेले होते. त्याने बदली मागितली नव्हती, तो मुक्त व्हायचा नव्हता, वाटाघाटींची कुणकुणही बाहेर नव्हती. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की त्याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे देऊन अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ ची पहिल्या फेरीतील एक निवड घेण्यात आली आहे. ही बातमी पाहून अनेकांना ती खोडसाळ वाटली. बचाव भक्कम असल्याशिवाय विजेतेपद मिळत नाही, असे व्यवस्थापक निको हॅरिसन यांचे समर्थन होते. खेळाडूचे नुकसान वेगळेच. डॅलसमध्ये राहिला असता तर उन्हाळ्यात सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरच्या कराराला तो पात्र ठरणार होता. संघ बदलताच ती पात्रता गेली.

डॅलसमधील लोक क्रीडागृहासमोर जमले. तेथे डर्क नोवित्स्की या जर्मन खेळाडूचा पुतळा आहे. एकाच संघात एकवीस हंगाम खेळलेला हा माणूस. त्या पुतळ्यापाशी लोकांनी शवपेटी आणून ठेवली. पुढे कित्येक सामन्यांत व्यवस्थापकाच्या हकालपट्टीच्या घोषणा घुमत राहिल्या. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांना काढून टाकण्यात आले. या वेळी लोकांचा राग खेळाडूवर न जाता कार्यालयावर गेला होता.

९ एप्रिल २०२५ रोजी डॉन्चिच पाहुण्या संघातून डॅलसला आला. प्रत्येक आसनावर त्याच्या मातृभाषेत आभार मानणारा सदरा ठेवलेला होता. सामन्यापूर्वी त्याच्या सात वर्षांची चित्रफीत दाखवली गेली आणि तो बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसत राहिला. मग उठून त्याने ४५ गुण मिळवले आणि डॅलसला हरवले. आपल्याच संघाच्या पराभवाला कारण झालेल्या प्रत्येक गुणावर त्या क्रीडागृहात जल्लोष होत होता.

क्लीव्हलंडचे पुढे काय झाले, हेही सांगायचे राहिले. जुलै २०१४ मध्ये जेम्स परत आला. या वेळी कार्यक्रम नाही, प्रतीक्षा नाही. एका नियतकालिकात साधे निवेदन. ज्या मालकाने ते पत्र लिहिले होते, त्याच्याशीच त्याने करार केला. १९ जून २०१६ रोजी, मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून, क्लीव्हलंडने विजेतेपद मिळवले. त्या शहराच्या कोणत्याही मोठ्या संघाचे १९६४ नंतरचे ते पहिलेच. २०१८ मध्ये तो पुन्हा निघाला, लॉस एंजेलिसला. तेव्हा २०१० सारखा आगडोंब उसळला नाही. तोच माणूस, तेच शहर, तीच कायदेशीर मोकळीक. मधल्या काळात देणे चुकते झाले होते.

पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डचा फेरा आणखी निराळा. अकरा हंगामांनंतर २०२३ मध्ये त्याने स्वतः बदली मागितली. त्याला मायामीला जायचे होते. संघाने मिल्वॉकीला धाडले. तेथे दोन वर्षांनी टाचेमागची शीर तुटली, आणि पुढचा अख्खा हंगाम तो खेळू शकणार नाही हे दिसताच मिल्वॉकीने त्याला मोकळे केले. जुलै २०२५ मध्ये पोर्टलंडने त्या जायबंदी, पस्तिशीतल्या खेळाडूला तीन वर्षांसाठी परत बोलावले. रक्कम पूर्वीच्या मानाने बरीच कमी, चार कोटी वीस लाख डॉलर. या करारात त्याने एक कलम आवर्जून घालून घेतले आहे: त्याच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे पाठवता येणार नाही.